देवदूताला लाल रंग दिसत नाही

दिवेलागणीला अंगणातली जास्वंद बघा. दुपारी लालभडक दिसणारं फूल काळपट पडतं, पण त्याच झाडाची पानं अजून उजळ असतात. आणखी अंधारलं की फूल आणि पानं सारखीच राखाडी. फूल तेच असतं, बदल आपल्या डोळ्यात झालेला असतो. दृष्टिपटलावर साधारण १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात. रंग ओळखतात त्या शंकुपेशी, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. उजेड कमी झाला की काम दंडपेशींकडे जातं. त्यांना रंग कळत नाहीत आणि लाल प्रकाश तर त्यांना जवळजवळ जाणवतच नाही.

जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांचा १९८७ सालचा ‘विंग्ज ऑफ डिझायर’ हा चित्रपट पाहिला आणि मला ही जास्वंद आठवली. भिंतीने दुभंगलेल्या बर्लिनमध्ये दोन देवदूत फिरतात, माणसांच्या मनातलं ऐकतात. त्यांना सगळं ऐकू येतं, पण त्यांच्या नजरेतलं शहर कृष्णधवल आहे. त्यांच्यातला डामिएल सर्कशीत ट्रॅपीझवर झुलणाऱ्या मारियनच्या प्रेमात पडतो. तिच्याकडे पाहताना पडद्यावर क्षणभर रंग उमटतो आणि विरतो. संवाद एकही नाही, तरी त्याला काय हवंय ते आपल्याला कळतं.

कल्पना काव्यमय आहेच, पण मला ती शास्त्राच्या दृष्टीनेही चोख वाटते. प्रकाशकिरणांना स्वतःचा रंग नसतो, हे न्यूटनने १७०४ सालीच लिहून ठेवलं होतं. किरणांची तरंगलांबी वेगवेगळी असते. तिचं लाल-पिवळं-निळं आपले डोळे आणि मेंदू मिळून करतात. म्हणजे रंग दिसायला शरीर लागतं. ज्याला शरीरच नाही, त्याला लाल कुठून दिसणार?

हे कृष्णधवल जग टिपलं आँरी अलकाँ या फ्रेंच छायालेखकाने. तेव्हा त्यांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढे होतं. त्यांनी भिंगावर रेशमी स्टॉकिंगचा तुकडा ताणून बसवला होता. तो त्यांच्या आजीचा, असं सांगतात. बारीक विणीतून जाताना प्रकाश थोडा वाकतो आणि विखुरतो. दिव्यांभोवती मंद वलयं येतात, उजळ भागातला प्रकाश सावल्यांत झिरपतो, गडद काळा मवाळ होतो, चेहऱ्यावरच्या बारीक रेघा पुसट होतात. त्यावर किंचित तपकिरी झाक. कशालाही धार नाही, कशाचाही स्पर्श नाही, असं ते दिसणं आहे. संगणकावर आज असं धुकं दोन मिनिटांत चढवता येतं. पण भिंगाआधीच विखुरलेला प्रकाश प्रत्येक दिव्यागणिक, कॅमेऱ्याच्या प्रत्येक वळणागणिक बदलतो, आणि तो जिवंतपणा मला तरी जाणवतो.

हा विचार त्याआधीही झाला होता. १९४६ सालच्या ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’मध्ये पॉवेल आणि प्रेसबर्गर यांनी पृथ्वी झगझगीत टेक्निकलरमध्ये दाखवली आणि परलोक मोतिया, एकरंगी. त्यातला वैमानिक समुद्रकिनाऱ्यावर शुद्धीवर येतो तेव्हा दृश्य धुक्यातून उघडत जातं. त्यासाठी छायालेखक जॅक कार्डिफ यांनी भिंगावर फक्त तोंडाची वाफ सोडली होती!

डामिएल शेवटी माणूस होतो. बर्लिनच्या भिंतीपाशी तो जागा होतो, डोक्याला खोक पडलेली असते. आता पडदा पूर्ण रंगीत आहे. रेशमी धूसरपणा गेलाय, थंडी दिसतेय, भिंतीवरची चित्रं अंगावर येताहेत. तो डोक्याला हात लावतो, बोटांवरचं रक्त बघतो, चाखतो. शंकुपेशी त्याला आता मिळाल्या आहेत, पण त्यांच्याकडून येतात ते केवळ संकेत. त्यांची नावं दुसऱ्या कुणाकडून तरी शिकावी लागतात. म्हणून तो एका वाटसरूला थांबवतो आणि भिंतीवरच्या एकेका चित्राकडे बोट दाखवून विचारतो, हा कुठला रंग? आणि हा?