प्लूम म्हणजे तुरा, पण कसला?

ज्वालामुखीच्या बातमीत 'प्लूम' हा शब्द येतो. शनीच्या एका चंद्राबद्दल वाचताना तोच येतो, समुद्रतळावरच्या उकळत्या झऱ्यांबद्दल वाचतानाही तोच, आणि भूगर्भशास्त्रात तो 'मँटल प्लूम' होऊन भेटतो. शब्दकोशात मात्र अर्थ दिलेला असतो: पक्ष्याचं डौलदार पीस, तुरा. मूळ लॅटिन 'प्लुमा', म्हणजे मऊ पीस. मग पिसाचा आणि ज्वालामुखीचा संबंध काय? बरेच जण 'प्लूम म्हणजे धूर' असं समजून पुढे जातात. या शब्दामागे पदार्थविज्ञानातली एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे, ती त्यामुळे हातची निसटते.

आधी खरं पीस बघू. साध्या पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी तंतू फुटतात, त्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू आणि उपतंतूंवर सूक्ष्म आकडे. हे आकडे शेजारच्या तंतूच्या उपतंतूंमध्ये चेनच्या दातांसारखे अडकतात, म्हणून पिसाचं पातं सलग राहतं. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर जी झुपकेदार पिसं येतात, त्यांच्यात आकड्यांची ही पकड नसते. तंतू सुटे राहतात आणि जराशा झुळकेनेही हलतात. याच पिसांनी टोप्या सजवायच्या म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बगळ्यांची बेसुमार कत्तल झाली. ब्रिटनमध्ये अशा पिसांची आयात बंद करणारा कायदा व्हायला 1921 साल उजाडलं. बुडाशी एकवटलेला आणि वर जाताना सुटत, पसरत जाणारा हा आकार ज्याने पाहिला, त्याला धुराचा लोट पाहून पीस आठवणं स्वाभाविक आहे.

आता एक मेणबत्ती विझवा आणि खोलीतला पंखा बंद ठेवून वातीकडे नीट पाहा. धुराची रेघ सुरुवातीला दोऱ्यासारखी सरळ वर जाते. थोड्या उंचीवर ती थरथरते, वळते आणि तिचे भोवरे होतात. धूर इथे फक्त रंग भरतो, वर चढते ती गरम हवा. ती आसपासच्या हवेपेक्षा हलकी असल्यामुळे प्लावक बल तिला वर ढकलतं. इथपर्यंत शाळेत शिकलेलंच आहे.

मजा पुढे आहे. कडेचे भोवरे बाहेरची थंड हवा आत ओढतात. तुरा चढता चढता आजूबाजूची हवा गिळत जातो आणि म्हणून रुंद होतो. ब्रूस मॉर्टन, जेफ्री टेलर आणि स्टुअर्ट टर्नर या तिघांनी 1956 साली या गिळण्याचं गणित मांडलं. त्यांचं गृहीतक अगदी साधं होतं: बाजूने हवा आत शिरण्याचा वेग हा तुऱ्याच्या वर जाण्याच्या वेगाच्या ठरावीक पट, साधारण एक दशांश, असतो. एवढ्यावरून असं निघतं की वारा नसेल तर तुरा शंकूसारखा पसरतो आणि त्या शंकूचा कोन आगीच्या जोरावर अवलंबून नसतो. 100 मीटर उंचीवर तुऱ्याची त्रिज्या साधारण 12 मीटर भरते, मग खाली शेकोटी असो की वणवा.

वातावरणात तुरा कायम चढत राहत नाही. खालची जड हवा गिळून वर नेताना तो स्वतः जड होत जातो. एका उंचीवर त्याची आणि आसपासची घनता सारखी होते. वेगाच्या भरात तो थोडा वर जातो, परत खाली येतो आणि मग आडवा पसरतो. ही उंची उष्णतेच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तशाच हवेत तुरा दुप्पट उंच न्यायचा तर दर सेकंदाला सोळापट उष्णता ओतावी लागते! टोंगाजवळच्या समुद्रातल्या ज्वालामुखीचा तुरा 15 जानेवारी 2022 रोजी सुमारे 57 किलोमीटरपर्यंत पोहोचला होता. चतुर्थमूळ लक्षात घेतलं की त्या आकड्यामागची ताकद कळते.

ज्वालामुखीत तर या गिळण्यावर जीवन-मरण ठरतं. मुखातून निघणारं राख आणि वायूंचं मिश्रण हवेपेक्षा जड असतं. ते फक्त स्फोटाच्या वेगाने वर फेकलं जातं. वेग संपण्याआधी त्याने पुरेशी हवा गिळली, तर ती हवा तापते, फुगते, अख्खं मिश्रण हलकं होतं आणि तुरा चढत राहतो. तेवढी हवा गिळता आली नाही, तर स्तंभ कोसळतो आणि शेकडो अंश तापमानाचा राखेचा लोंढा उतारावरून धावत सुटतो. सन 79 मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर दोन्ही घडलं. पुढे रोमन लेखक म्हणून गाजलेल्या, तेव्हा सतरा वर्षांच्या धाकट्या प्लिनीने आधी छत्रीसारख्या पाइन वृक्षाच्या आकाराचा ढग पाहिला. पुढे स्तंभ कोसळत गेला आणि हर्क्युलेनियम व पाँपेई ही शहरं गाडली गेली.

'मँटल प्लूम' हे प्रकरण वेगळं. चित्रात ती लाल लाव्ह्याची नळी दाखवतात, त्यामुळे पृथ्वीच्या पोटात सगळा लाव्हाच उकळतो आहे अशी समजूत घट्ट बसते आणि 'महाज्वालामुखी कधीही फुटणार' छापाचे मथळे त्यावर पोसले जातात. खरं तर प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा मँटलचा थर, घन खडकाचं आहे. गरम खडक हलका असल्यामुळे घन अवस्थेतच, वर्षाला सेंटिमीटरांच्या हिशेबाने, वर सरकतो आणि पृष्ठभागाजवळ दाब घटल्यावर त्यातला काही भाग वितळतो. इतक्या दाट पदार्थात भोवरे होत नाहीत, म्हणून इथे शंकू नसतो. मोठं अळिंब्यासारखं डोकं आणि त्यामागे बारीक शेपूट असा आकार बनतो. ही कल्पना जेसन मॉर्गन यांनी 1971 मध्ये मांडली. असं एक डोकं 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला भारतीय भूखंडाखाली पोहोचलं आणि त्यातून दख्खनचा बेसॉल्ट पसरला, असं अनेक भूवैज्ञानिक मानतात. त्यांच्या मते भूखंड पुढे सरकला, शेपूट मागे राहिलं आणि आज त्यावर रियुनियन बेटाचा जागता ज्वालामुखी आहे. ही कल्पनाच न पटणारे संशोधकही आहेत आणि तो वाद गंभीर आहे.

शनीच्या एन्सेलॅडस या जेमतेम 500 किलोमीटर व्यासाच्या चंद्रावरचा प्लूम यांपैकी कशातच बसत नाही. तिथे हवाच नाही, मग गिळणार काय आणि कुणापेक्षा हलकं होणार? दक्षिण ध्रुवावरच्या भेगांमधून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण थेट निर्वातात उसळतात. कॅसिनी यानाने 2005 मध्ये ते टिपले आणि 2015 मध्ये पृष्ठभागापासून 49 किलोमीटरवरून ते यान त्या फवाऱ्यातून आरपार गेलं. त्या वेळच्या मोजमापांत हायड्रोजन सापडल्याचं 2017 मध्ये जाहीर झालं, आणि लगेच 'जीवसृष्टी सापडली' असे मथळे आले. सापडला होता तो सूक्ष्मजीवांना उपयोगी पडू शकेल असा ऊर्जेचा स्रोत. जीव कुणाला दिसलेला नाही. फवाऱ्यातले बहुतेक कण पुन्हा त्याच चंद्रावर बर्फ होऊन पडतात. उरलेले निसटून शनीभोवती फिरत राहतात, आणि शनीचं 'ई' कडं त्यांचंच बनलेलं आहे.