चावीचा ग्रामोफोन वाजवण्याआधी एवढे वाचा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बिघडलेला ग्रामोफोन बहुतेक वेळा दुरुस्त करून देता येतो. घासली गेलेली तबकडी मात्र कोणालाच दुरुस्त करता येत नाही. दुकानात येणारे लोक यंत्राची काळजी करतात आणि तबकडीकडे बघतही नाहीत, म्हणून हे पत्रक.

पहिली गोष्ट सुईची. एक बाजू वाजली की सुई बदलायची. दुसरी बाजू, दुसरी सुई. यावर "इतक्या सुया कशाला लागतात?" असे हमखास विचारले जाते. जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या लाखेच्या असतात आणि त्या लाखेत दगडाची बारीक भुकटी मुद्दाम घातलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांतच ती भुकटी पोलादी सुईचे टोक घासून खाचेच्या मापाचे करते. म्हणजे झिजायचे ते सुईने, तबकडीने नाही, असाच हिशेब ठरलेला आहे. तीन-साडेतीन मिनिटांत बाजू संपते तेव्हा टोकाच्या दोन्ही अंगांना सपाट धारा आलेल्या असतात. साधे भिंग घेऊन बघा, चकाकणारी कड स्पष्ट दिसते. तीच सुई पुन्हा लावली तर ती पटाशीसारखी खाच तासत जाते. वाजवून झाल्यावर तबकडीवर राखाडी पट्टा दिसला तर तासकाम झाले म्हणून समजा. सुई फिरवून दुसऱ्या अंगाने लावायची युक्तीही नको. टाचणी किंवा शिवणाची सुई तर मुळीच नको. वापरलेल्या सुया वेगळ्या डबीत टाका, नव्यांत मिसळल्या की ओळखू येत नाहीत.

प्लॅस्टिकची एलपी किंवा ४५ ची छोटी तबकडी या यंत्रावर ठेवू नका, एकदा गंमत म्हणूनही नको. साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई बसवलेल्या गोल डबीचा, भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. एलपीला दोन-चार ग्रॅम पुरतात आणि तिची खाचही फार अरुंद असते. एका वाजवण्यात ती कामातून जाते. शंका आली तर लेबलवरचा वेग वाचा. वाकवून बघू नका, लाखेची असेल तर तुकडे होतील.

चावी प्रत्येक बाजूआधी भरा. हाताला ताठरपणा जाणवला की थांबा. गाणे मध्येच रडायला लागले तर बहुधा चावी कमी पडलेली असते किंवा आत ग्रीस वाळलेले असते. वेग तपासायचा तर तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवा आणि सुई टेकवून, गाणे चालू असताना अर्ध्या मिनिटात ३९ फेरे मोजा. नुसती रिकामी ताटली मोजली तर हिशेब चुकतो, कारण सुईच्या भाराने वेग थोडा उतरतो. गव्हर्नरला (वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाला) शिलाई मशीनचे तेल चालते, खोबरेल नाही: थंडीत ते गोठते आणि पुढे चिकट होते. स्प्रिंगचा डबा घरी उघडू नका. आतली पट्टी सुटली तर हात फाडते.

आता आपल्याकडचा उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, आणि लाख उष्णतेने मऊ पडते. पत्र्याखालचा माळा, पश्चिमेची भिंत, उन्हात उभी केलेली बंद गाडी या तिन्ही जागा टाळा. तबकड्या पाकिटात घालून, उभ्या आणि एकमेकींना टेकून ठेवा. तिरक्या ठेवल्या की वाकतात. वाकलेल्या तबकडीवर वजन ठेवून उन्हात सरळ करायचा खटाटोप करू नका, तो बहुतेकदा अंगाशी येतो.

धूळ मऊ कोरड्या कापडाने पुसा, खाचेच्या दिशेने. फार मळली असेल तर ओलसर कापड चालेल, लेबल मात्र भिजू देऊ नका. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको, कारण लाख स्पिरिटात विरघळते.

आवाजात खरखर नसून घरघर असेल तर दोष बहुधा साउंडबॉक्सच्या रबरात असतो. जुने रबर दगडासारखे कडक होते. ते बदलून मिळते. दुकानात आणताना साउंडबॉक्स काढून वेगळा गुंडाळा, आर्म (साउंडबॉक्स धरणारा दांडा) सुतळीने बांधा आणि भरलेली चावी पूर्ण उतरू देऊन, म्हणजे स्प्रिंग सैल करून, आणा.