बिंदू मोबाइलवर समुद्रात दिसत असतील, तर रकाने बदलण्यापूर्वी हे वाचावे

ग्राहकाच्या तक्त्यातील ठिकाणे नकाशावर बिंदूंच्या रूपात दाखवणारी नकाशासेवा सुरू करून दिल्यावर काही दिवसांतच आमच्याकडे एक ठरावीक तक्रार येते: कार्यालयातील संगणकावर सर्व बिंदू जागच्या जागी दिसतात, पण तीच सेवा मोबाइल ॲपला जोडली की ते भलतीकडेच जातात. तक्रार रास्त आहे. वेळ जातो तो त्यावर परस्पर केलेल्या उपायामुळे. अनेक ग्राहक आम्हाला कळवण्याआधीच मूळ तक्त्यातील अक्षांश आणि रेखांश या रकान्यांची अदलाबदल करतात, त्याने मोबाइलवरचा नकाशा सुधारतो आणि संगणकावरचा बिघडतो. मग संगणक वापरणारा सहकारी तेच रकाने पुन्हा उलटे करतो. एका ग्राहकाच्या तक्त्यात निम्म्या ओळी सरळ आणि निम्म्या उलट्या झाल्या होत्या. त्या वेगळ्या करण्यात आमचे दोन दिवस गेले.

वास्तविक, माहितीत चूक नसते. बिंदूंची माहिती इंटरनेटवरून पुरवणाऱ्या डब्ल्यूएफएस सेवेच्या १.०.० या आवृत्तीत रेखांश आधी येतो, तर १.१.० पासून पुढे ईपीएसजी:४३२६ या निर्देशपद्धतीत (अक्षांश-रेखांशांनी जागा सांगण्याच्या प्रचलित पद्धतीत) अक्षांश आधी येतो, आणि काही ॲप हा फरक पाळत नाहीत. अक्षांश २० आणि रेखांश ७५ असलेला बिंदू उलटा वाचला गेला, तर तो नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडतो. रेखांश ९० च्या पुढचा असेल, तर बिंदू बहुधा दिसतच नाही, कारण अक्षांश ९० च्या पलीकडे नसतो. चित्ररूप नकाशा देणाऱ्या डब्ल्यूएमएस सेवेतही १.१.१ आणि १.३.० या आवृत्त्यांमध्ये नेमका हाच घोळ आहे.

म्हणून दुरुस्ती ॲप आणि सेवा यांच्या जोडणीत करावी, तक्त्यात नव्हे. ॲपमध्ये सोय असल्यास माहिती जिओजेसन या मजकूररूपी स्वरूपात मागवावी. २०१६ च्या मानकानुसार त्यात रेखांश नेहमी आधीच असतो. दुरुस्तीनंतर मोबाइलमध्ये साठलेला जुना नकाशा पुसूनच निकाल पाहावा, अन्यथा बरोबर केलेली जोडणीही चुकीची वाटते.

'त्यापेक्षा फाइलच पाठवा,' असा आग्रह कधीकधी होतो. शेपफाइल (नकाशाची माहिती साठवण्याचा प्रचलित प्रकार) ही एक फाइल नसून किमान तीन फाइलींचा संच असतो, आणि निर्देशपद्धती सांगणारी चौथी, म्हणजे पीआरजे फाइल, मेल पाठवताना हमखास मागे राहते. शिवाय पाठवलेली प्रत त्या दिवसापुरतीच ताजी असते, सेवेतून मात्र प्रत्येक उपकरणाला एकाच तक्त्यातील माहिती मिळते. आम्ही जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्या चालू ठेवतो, ते याचसाठी. त्यात आमचे काम वाढते, पण आपले जुने ॲप बंद पडत नाही.

तक्रार कळवताना ॲपचे नाव, त्यात भरलेला सेवेचा पत्ता आणि ज्याची खरी जागा आपल्याला ठाऊक आहे अशा एका बिंदूचे अक्षांश-रेखांश पाठवावेत. वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांनी नवे उपकरण घेण्यापूर्वीच त्याचे नाव कळवल्यास जोडणीची चाचणी आम्ही आमच्याकडेच करून देतो.