'आगापाओ'ला बढती कशी मिळाली

ग्रीकमध्ये प्रेमाला चार शब्द आहेत आणि त्यांतलं 'आगापे' म्हणजे निःस्वार्थ, ईश्वरी प्रेम, अशी पोस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरते. पुरावा म्हणून बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय दाखवतात. 'माझ्यावर प्रेम करतोस का?' असं येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो. पहिल्या दोन वेळा क्रियापद 'आगापाओ' ('आगापे' हे त्याचंच नाम), तिसऱ्यांदा 'फिलेओ', म्हणजेही प्रेम करणे. पेत्राच्या उत्तरात मात्र तिन्ही वेळा 'फिलेओ'. येशूने उच्च प्रेम मागितलं, पेत्राची मजल मैत्रीपर्यंतच गेली, असा त्याचा अर्थ लावतात.

मजकूर याला साथ देत नाही. त्याच ओळींत मेंढरं राखण्यासाठी दोन क्रियापदं आहेत, 'जाणतोस' यासाठीही दोन. त्यांचे गूढार्थ कोणी काढत नाही. पित्याचं पुत्रावरचं प्रेम योहान 3:35 मध्ये 'आगापाओ'ने सांगतो, 5:20 मध्ये 'फिलेओ'ने. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तर अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बळजबरी करतो त्या कथेत त्याच्या वासनेलाही 'आगापाओ'च लावलेलं आहे. त्यात ईश्वरी काय?

तरीही नव्या करारात 'आगापाओ' 140 हून अधिक वेळा येतं आणि 'फिलेओ' फक्त 25 वेळा, हे खरं. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काळात प्रेमाचं नेहमीचं क्रियापद 'फिलेओ' होतं. 'आगापाओ' म्हणजे आपुलकीने स्वागत करणं, पुढे समाधान मानणं. इ.स.पू. चौथ्या शतकापासून ते 'फिलेओ'च्या जागी सरकू लागलं. धर्माचा यात हात नव्हता. मग कशाचा?

इथे मला फार आवडणारी एक गोष्ट येते: समोच्चारी शब्दांची टक्कर. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून भाषेचं काही अडत नाही. 'कर भरला' म्हटल्यावर कोणी हाताकडे बघत नाही. पंचाईत होते ती दोन्ही अर्थ एकाच प्रसंगात बसत असले की. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीत शब्दाच्या शेवटच्या लॅटिन 'ल्ल'चा 'त' झाला. त्यामुळे 'गाल्लुस', म्हणजे कोंबडा, याचं 'गात' व्हायला हवं होतं. पण मांजरही 'गात'च! शेतकऱ्याच्या अंगणात दोघंही. 'गात'ने 'गात'ला खाल्लं, तर कोणी कोणाला? लोकांनी कोंबड्याचं नावच बदललं. कुठे त्याला फेजंट पक्ष्याचं नाव दिलं, तर कुठे चक्क गावच्या पाद्रीसाहेबांचं. भाषाशास्त्रज्ञ झूल झिलिएरोंने भाषिक नकाशांवर दाखवलं की ही नवी नावं जिथे थांबतात, साधारण तिथेच 'ल्ल'चा 'त' होणंही थांबतं.

आता ग्रीक. चुंबन घेणे याचं जुनं क्रियापद 'कुनेओ', गर्भवती करणे याचं 'कुओ'. वर्तमानकाळात फरक कळतो, पण भूतकाळात दोन्हींचं रूप 'एकुसे'. ग्रीक नाटककार एस्किलसच्या उरलेल्या एका तुकड्यात आकाशातून पडणारा पाऊस पृथ्वीला 'एकुसे' करतो, म्हणजे गर्भवती करतो. नाटकात हे शोभतं. पण घरी 'त्याने तिचं चुंबन घेतलं' असं साधं सांगायला गेलात की भलताच अर्थ निघायचा. 1968 साली रॉबेर जोली या अभ्यासकाने मांडलं की या गोंधळामुळे 'कुनेओ' मागे पडलं आणि चुंबनाचं काम 'फिलेओ'कडे गेलं. तिथे ते रुळल्यावर निव्वळ प्रेमासाठी निःसंदिग्ध शब्द हवा होता. ती जागा 'आगापाओ'ने भरली. टक्कर फक्त भूतकाळी रूपांत होते, हा या मांडणीचा कच्चा दुवा. पण चुंबनाचं काम 'फिलेओ'ने घेतलं याचा पुरावा बायबलमध्येच आहे: मार्क 14:44 मध्ये येशूला पकडून देणारा यहूदा सोबतच्या जमावाला खूण देतो, 'मी ज्याचं चुंबन घेईन तोच तो', आणि क्रियापद आहे 'फिलेओ'.

शब्दांच्या धातूत गुपित शोधण्याचा हा छंद आपल्याकडेही कमी नाही. 'ख्रिस्त' म्हणजे 'कृष्ण' असं ठणकावून सांगणारे भेटतातच. 'ख्रिस्तोस' आलंय 'ख्रिओ'वरून, तेल लावणे, अभिषेक करणे. शब्दाचा अर्थ ध्वनिसाम्यावर नाही, वापरावर ठरतो.

आजच्या ग्रीकमध्ये हा बदल पुरा झालेला आहे. अथेन्समध्ये प्रियकर प्रेयसीला 'सागापो' म्हणतो, तेच ते 'आगापाओ', आणि आईही लेकराला तेच म्हणते. 'फिलो' म्हणजे पापा घेतो. मित्रमंडळी पत्राखाली 'फिलिया', म्हणजे पापे, लिहितात तेही त्याच्याच नात्यातलं.