धातुरूपण : संशोधन आणि अडचणी

धातूवर जोर देऊन त्याचा आकार कायमचा बदलणे म्हणजे धातुरूपण. घडाई, लाटण, तार ओढणे, पत्र्याचे दाबकाम हे त्याचे नेहमीचे प्रकार. यात धातू कापला जात नाही, सरकवला जातो. हे सरकणे स्फटिकरचनेतील ‘स्थानभ्रंश’ नावाच्या दोषांमुळे घडते, असे टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे मांडले.

पण धातू जसा दाबला तसा राहत नाही, आणि आजच्या संशोधनाचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो. पत्रा प्रेसखाली नव्वद अंशांत वाकवला आणि पंच (पत्रा दाबणारा वरचा ठोकळा) वर उचलला, की कोन अंश-दोन अंशांनी उघडलेला दिसतो. कारखान्यात याला ‘स्प्रिंगबॅक’ म्हणतात. पत्र्याची ताकद जितकी जास्त आणि स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, जितका कमी, तितकी ही उसळी मोठी. पोलादाचा गुणांक सुमारे २१० गिगापास्कल, अॅल्युमिनियमचा ७०. म्हणून तेवढ्याच ताकदीचा आणि जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा साधारण तिप्पट उघडतो. वाहने हलकी करण्यासाठी अॅल्युमिनियम किंवा उच्चबल पोलाद वापरावे लागते, आणि दोन्ही इथेच छळतात.

सरळ घडी असेल तर पत्रा थोडा जादा वाकेल अशी डाय (म्हणजे साचा) करून भागते. वळणदार भागात मात्र पत्रा डायच्या कडेवरून ओढला जाताना आधी वाकतो, मग सरळ होतो. एका दिशेने ताणलेला धातू उलट दिशेने लवकर नमतो. हा बाउशिंगर परिणाम गणितात धरला नाही, तर सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकावरच्या प्रतिरूपाचा, अंदाज चुकतो. घर्षणाची बाजू तर अजूनच कच्ची आहे. तेलाचा थर, दाब आणि वेग यांनुसार ते जागोजागी बदलते, तरी बहुतेक हिशेबांत त्याचा एकच आकडा धरतात.

बोरॉनयुक्त पोलाद सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून डायमध्येच थंड केले, तर १,५०० मेगापास्कलच्या आसपास ताकद मिळते आणि उसळी जवळजवळ नाहीशी होते. भट्टीची ऊर्जा मात्र खर्ची पडते. मॅग्नेशियमच्या षट्कोनी स्फटिकांना थंड स्थितीत सरकायला वाटा थोड्या, म्हणून तोही गरम करूनच घडवावा लागतो.

भंगारातून बनलेल्या पोलादाने नवी अडचण आणली आहे. त्यातले तांबे शुद्धीकरणात निघत नाही आणि गरम लाटताना पृष्ठभागाला तडे पाडते. शिवाय पत्र्याच्या एका कॉइलचे (गुंडाळीचे) गुण दुसरीत तंतोतंत उतरत नाहीत. म्हणून पत्रा आत किती सरकला हे ठोक्यागणिक मोजून ब्लँकहोल्डरचा (पत्र्याची कड दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब बदलत नेणाऱ्या प्रेसवर काम चालू आहे.