उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं?

छोट्या ट्रॅक्टरने खत, लाकडं किंवा पाण्याची टाकी ओढताना उतार लागला की न्यूट्रल करा, डिझेल वाचेल, हा सल्ला जुना आहे. आवाज कमी होतो, म्हणून पटतोही. पण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि गव्हर्नर, म्हणजे इंजिनाला किती डिझेल जायचं ते ठरवणारा भाग, डिझेल जवळजवळ तोडतो. पाहायचं असेल तर ट्रॉली न जोडता, सौम्य उतारावर, खालच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडा. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा आयडलच्या, म्हणजे उभ्या ट्रॅक्टरच्या मंद फेऱ्यांच्या, वर राहिला, तर इंजिन उतारावरच फिरतंय. डिझेलपेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची: बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ते फक्त मागच्या चाकांना असतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव जातो आणि भरलेली ट्रॉली मागून ढकलू लागते.