सेना मेडल की सैन्य सेवा मेडल? रेकॉर्डमधली चूक ओळखणं आणि दुरुस्त करून घेणं

निवृत्त सैनिकाच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे नोकरी संपताना मिळालेल्या सेवेच्या नोंदवहीत, पदकांच्या रकान्यात एवढंच लिहिलेलं असतं : ‘एस. एस. मेडल, क्लास्प जे अँड के’. घरात बोलता बोलता त्याचं ‘सेना मेडल’ होतं, गावच्या सत्कारात ‘शौर्यपदक’ होतं. मग एक दिवस नातू जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज घेऊन जातो आणि विचारतो, आजोबांच्या शौर्यपदकाचे पैसे इतकी वर्षं का मिळाले नाहीत? उत्तर येतं, हे शौर्यपदक नाही. आजोबांना कुणीतरी खोटं ठरवलं, असं सगळ्या घराला वाटतं. खरं तर आजोबा खोटं बोललेले नसतात आणि कार्यालयही नाही. दोन पदकांची नावं एकमेकांत मिसळलेली असतात.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त जिव्हारी लागणारं आहे. जवानाला खरोखर सेना मेडल मिळालेलं असतं, नाव राजपत्रात छापलेलं असतं, पण सेवापुस्तकात कुणीतरी ‘सैन्य सेवा’ लिहून ठेवलेलं असतं किंवा काहीच लिहिलेलं नसतं. पुढे पेन्शनच्या कागदातही ते येत नाही, आणि हक्काचा भत्ता पत्नीपर्यंत पोचत नाही. ही चूक दुरुस्त होते. त्यासाठी आधी हातात नेमकं कोणतं पदक आहे ते पक्कं करावं लागतं.

दोन्ही पदकं १९६० सालचीच. सैन्य सेवा मेडल २६ जानेवारीला सुरू झालं, सेना मेडल १७ जूनला. सेना मेडल एका माणसाला, त्याच्या एका विशिष्ट कृतीसाठी किंवा कर्तव्यनिष्ठेसाठी, नावानिशी दिलं जातं. त्याची शिफारस कमांडिंग ऑफिसर करतो, ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा पायऱ्या चढत दिल्लीला जाते आणि शेवटी राष्ट्रपतींच्या नावे राजपत्रात प्रसिद्ध होते. सैन्य सेवा मेडल अवघड हवामानाच्या, खडतर भागात ठरलेली मुदत, साधारणपणे एक वर्ष, नोकरी केली की मिळतं. त्याला शिफारस लागत नाही. त्या भागात त्या काळात जितके जण होते त्या सगळ्यांना ते मिळतं, आणि म्हणूनच एकाच गल्लीतल्या चार घरांत ते असू शकतं.

पदक हातात असेल तर खिडकीपाशी उजेडात धरा. सेना मेडल चांदीचं असतं, दर्शनी बाजूला टोक वर केलेली संगीन आणि मागच्या बाजूला उभा सैनिक व हिंदीत ‘सेना मेडल’ ही अक्षरं. रिबन लाल, मधोमध पांढरी रेघ. सैन्य सेवा मेडल कप्रो-निकेलचं असतं, आणि त्याच्या रिबनवर धातूची आडवी पट्टी, म्हणजे क्लास्प, असते. त्या पट्टीवर भागाचं नाव कोरलेलं दिसेल : जम्मू-काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश), हिमालय, बंगाल-आसाम, अंदमान-निकोबार, मरुस्थल. भागाचं नाव असलेली पट्टी दिसली की ते सेना मेडल नाही. सेना मेडलवरही पट्टी असू शकते, पण ती ‘बार’ असते. तेच पदक दुसऱ्यांदा मिळाल्याची ती खूण, तिचा भागाशी संबंध नसतो. घरी दोन्हींना ‘पट्टी’च म्हणतात, म्हणून घोळ होतो.

आता पदक आडवं करून कडा बघा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि बहुधा युनिट बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. ब्रासोने वर्षानुवर्षं घासून ती अक्षरं पुसट झालेली असतात. भिंगाने वाचा, मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा, पण वाचता यावं म्हणून पुन्हा पॉलिश करू नका. हा नंबर पुढच्या प्रत्येक अर्जात लागतो.

पदक हरवलं असेल आणि फक्त गणवेशातला जुना फोटो असेल, तरी धागा मिळतो. पदकं डाव्या छातीवर लावतात आणि सर्वांत मानाचं पदक छातीच्या मध्याजवळ येतं. लाल रिबनवर पांढरी रेघ त्या टोकाकडे दिसत असेल तर शोध घेण्यासारखा आहे. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी गडद पट्ट्यात मधोमध एकच उजळ रेघ ओळखू येते. पण तो पुरावा नव्हे. शोध कुठून सुरू करायचा एवढंच तो सांगतो.

फसवी नावं आणखीही आहेत. ‘पराक्रम पदक’ ऐकायला शौर्यपदक वाटतं, पण ते शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यांचं, म्हणजे वूंड मेडल. ‘ऑपरेशन पराक्रम मेडल’ त्याहून निराळं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये सीमेवर जी जमवाजमव झाली, तिचं ते पदक. ‘विशिष्ट सेवा मेडल’ नावाने आणि शिफारशीने मिळतं, ‘विशेष सेवा मेडल’ मोहिमेतल्या सेवेसाठी. ‘एस. एम.’ म्हणजे सेना मेडल, पण घाईत लिहिलेल्या कागदावर ते सुभेदार मेजरही असू शकतं. ‘एस. एस. एम.’ म्हणजे सैन्य सेवा की सामान्य सेवा, हे सोबतच्या क्लास्पवरूनच कळतं. एक खूण मात्र उपयोगी पडते. सैन्य सेवा मेडल तिन्ही दलांना मिळतं. सेना मेडल मात्र लष्कराचं; त्याच्या तोलामोलाचं नौदलाचं पदक नौसेना मेडल आणि हवाई दलाचं वायुसेना मेडल आहे. तेव्हा हवाई दलातल्या माणसाच्या कागदावर ‘सेना मेडल’ दिसलं, तर ते बहुतेक सैन्य सेवा मेडलच असतं.

पैशाचा फरक इथेच पडतो. केंद्राचा मासिक भत्ता फक्त शौर्यासाठी दिलेल्या सेना मेडलला आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून तो महिना २,००० रुपये. विशिष्ट सेवेसाठी दिलेल्या सेना मेडलला तो नाही. जवानाच्या पश्चात तो पत्नीला मिळतो. राज्य सरकारची शौर्यपदकधारकांची मदत वेगळी असते, तिचे दर बदलत राहतात, म्हणून ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच विचारावेत. सैन्य सेवा मेडलला यातलं काही नाही. त्याने माणूस लहान होत नाही. नेफातल्या हिवाळ्यात काढलेलं वर्ष ते वर्षच असतं. पण अर्ज चुकीच्या पदकाचा केला तर खऱ्या हक्काची वेळही वाया जाते.

सेना मेडल रेकॉर्डमध्ये नसेल तर

इथे पुरावा एकच, राजपत्र. राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना भारताच्या राजपत्रात भाग १, विभाग १ मध्ये येते. बहुतेक घोषणा २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या असतात, म्हणून ज्या वर्षीची घटना, त्याच्या पुढच्या दोन-तीन तारखा आधी चाळा. नाव सापडलं की अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या. ‘-प्रेस’ असा भाग असलेला तो क्रमांक असतो. सायटेशन, म्हणजे पदक कशासाठी दिलं त्याचा मजकूर, मिळाला तर पदक शौर्याचं की विशिष्ट सेवेचं हा प्रश्नही सुटतो.

नोंद राहते कशी? युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतं. बदली, बढती, लग्न, मुलांचे जन्म, पदक, सगळं या ऑर्डरनेच रेकॉर्ड ऑफिसात पोचतं आणि शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, चढतं. जवान डिसेंबरअखेर निवृत्त झाला आणि पदक जानेवारीत जाहीर झालं, तर युनिटच्या नामावलीत तो उरलेलाच नसतो. ऑर्डर कुणी काढायची हे मधल्यामध्ये लटकतं. युनिट त्याच काळात ठाणं बदलत असेल तरीही हेच होतं.

मागणी अगदी नेमकी असावी : ‘अमुक तारखेच्या राजपत्रातील अमुक अधिसूचनेनुसार मिळालेल्या सेना मेडलची नोंद शीट रोल व डिस्चार्ज बुकात घेऊन, पेन्शनसाठी शुद्धिपत्रक पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) काढण्याची शिफारस व्हावी.’ रेकॉर्डची दुरुस्ती झाली म्हणजे भत्ता आपोआप सुरू होत नाही. रेकॉर्ड ऑफिसची शिफारस प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयात जाऊन दुरुस्त पीपीओ निघावा लागतो. आता पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर असल्याने तिथेही तो दिसतो का ते तपासा. अर्ध्या वाटेवर थांबलेली प्रकरणं बहुधा याच टप्प्यावर अडलेली असतात.

अडथळा बहुतेकदा नंबराचा असतो. शिपाई किंवा हवालदार असताना पदक मिळालं, राजपत्रात तो जुना नंबर छापला. पुढे नायब सुभेदार झाल्यावर ‘जे. सी.’ने सुरू होणारा नवा नंबर मिळाला आणि पीपीओवर तोच आला. कागदावर ती दोन माणसं दिसतात. अर्जात दोन्ही नंबर आणि बढतीची तारीख द्या. आडनावाचं स्पेलिंगही बघा : जाधवचं जाधाव, पवारचं पोवार झालेलं सापडतं. तसं असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा.

मोहिमेचं पदक राहून गेलं असेल तर

हा वर्ग मोठा आहे, आणि लढाईची पदकं बहुधा इथेच गळतात. सैन्य सेवा मेडल ज्या वाटेने दुरुस्त होतं, त्याच वाटेने १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, कारगिलचा ऑपरेशन विजय स्टार दुरुस्त होतात. राजपत्रात नाव शोधायची गरज नाही. माणूस कोणत्या दिवशी कुठे होता, एवढंच सिद्ध करायचं.

१९७१ चं उदाहरण घ्या. संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात सीमावर्ती राज्यांत सेवा केलेल्यांना मिळालं, म्हणून ते फार मोठ्या संख्येला आहे. पूर्व आघाडीवर प्रत्यक्ष मोहिमेत असलेल्यांना पूर्वी स्टार. जमालपूरला लढलेल्या १ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, म्हणजे जंगी पलटणीच्या, जवानाच्या कागदावर फक्त संग्राम मेडल असेल, तर काहीतरी राहिलं आहे असं समजून शोधावं. कारणं दोन असतात. एक, तो त्या दिवसांत खरंच रजेवर, दवाखान्यात किंवा मागे ठेवलेल्या तुकडीत होता. दुसरं, तो दुसऱ्या युनिटला अटॅच होता आणि अटॅचमेंटची पार्ट टू ऑर्डर मूळ युनिटकडे आलीच नाही. पहिल्या कारणात पदक मिळत नाही, दुसऱ्यात मिळतं. तोफखाना, सिग्नल्स, ईएमई (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारा विभाग) यांचे लोक पायदळाबरोबर जोडले जातात, म्हणून हा दुसरा प्रकार त्यांच्यात जास्त. कारगिलमध्येही अशीच जोडी आहे : लढाईच्या क्षेत्रातल्यांना स्टार, इतरत्र तैनात झालेल्यांना ऑपरेशन विजय मेडल.

पराक्रम पदकाचं गणित थोडं वेगळं आहे. जखम झाली तेव्हा पार्ट टू ऑर्डरमध्ये ‘बॅटल कॅज्युअल्टी’ लिहिलं की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, यावर सगळं अवलंबून असतं. दुसरं लिहिलं गेलं असेल तर पदकाचा अर्ज करून काही होणार नाही. आधी तो शब्द बदलून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी त्या वेळचा इंज्युरी रिपोर्ट, मिलिटरी हॉस्पिटलचे कागद आणि मेडिकल बोर्डाची कार्यवाही लागते.

कुठे लिहायचं, काय जोडायचं

अर्ज रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, ऑफिसर-इन-चार्जच्या नावे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, गार्ड्सचं कामठीला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं अहिल्यानगरला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्द, वायुसैनिकांसाठी दिल्लीचं सुब्रतो पार्क. जवान राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना पदक मिळालं असलं, तरी रेकॉर्ड मूळ रेजिमेंटकडेच असतं. आरआर बटालियनला लिहिण्यात महिने जातात.

हिंदी किंवा इंग्रजीत लिहा, आणि एका अर्जात एकच मागणी ठेवा. डिस्चार्ज बुकाची सगळी पानं, पीपीओ, ओळखपत्र यांच्या प्रती, भरतीची व निवृत्तीची तारीख, युनिटं आणि त्यांतले कालावधी द्या. पत्नी अर्ज करत असेल तर मृत्यू दाखला आणि कुटुंब पेन्शनचा पीपीओ जोडा. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने कधीच पाठवू नका.

युनिटांचे कालावधी आठवत नसतील तर आधी माहिती अधिकार वापरा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘सर्व माहिती द्या’ असं लिहिलं तर हाती काही लागत नाही. असं लिहा : ‘शीट रोलमधील नेमणुका व पदकांच्या नोंदींची प्रमाणित प्रत, आणि अमुक ते अमुक कालावधीतील पार्ट टू ऑर्डरचे क्रमांक व तारखा.’ दुसऱ्याच्या सेवेची माहिती वैयक्तिक मानली जाते, म्हणून नात्याचा पुरावा सोबत हवा.

पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद आहे. तसं उत्तर आलं तर ‘लाँग रोल’ मागा. त्यात थोडक्यात नोंद असते आणि तो जपून ठेवला जातो. पलटणीच्या ‘डायजेस्ट ऑफ सर्व्हिस’मध्येही, म्हणजे तिच्या इतिहासाच्या नोंदवहीतही, नाव सापडू शकतं.

शिफारसच झाली नव्हती, किंवा वरच्या पायरीवर नामंजूर झाली, तर ती रेकॉर्डची चूक ठरत नाही. रेकॉर्ड ऑफिसला नवं शौर्यपदक देता येत नाही. सोबत लढलेल्या चार जणांची प्रतिज्ञापत्रं जोडली तरी नाही. इथे कुटुंबांची सर्वांत जास्त वर्षं जातात, आणि खर्चही. पण पदक मंजूर होऊन नोंद राहिली असेल, किंवा मोहिमेच्या पदकाची पात्रता असूनही नकार आला असेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं दार उघडं आहे. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम नकाराचा आदेश निघाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत जावं लागतं. लेखी अर्जाला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर ते महिने संपल्यापासून पुढचे सहा महिने मिळतात. म्हणून पहिला अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती डिस्चार्ज बुकातच ठेवा. मुदत मोजताना तारखेचा पहिला पुरावा तीच असते.